दगडावरचे शहर : 'ल शारिवारी'ची वाटचाल

१८३२ हे साल मराठी वाचकाला 'दर्पण'मुळे ठाऊक असते. त्या वर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ते सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस, १ डिसेंबरला, पॅरिसमध्ये 'ल शारिवारी' हे दैनिक निघाले. नावाचा अर्थ भांडीकुंडी बडवून केलेला गोंगाट. चार पानांचे पत्र, आणि वाचकांना शब्द दिलेला, की रोज एक नवे चित्र मिळेल. १९३७ साली ते बंद पडले तोवर फ्रान्सने एक राजा घालवला होता, एक सम्राट घालवला होता आणि पुन्हा प्रजासत्ताक उभे केले होते. पण त्या शतकातून आज आपल्या ओळखीची वाटतात ती माणसे वेगळीच आहेत : भाडे वाढवायला टपलेला घरमालक, अशिलाला गुंडाळणारा वकील, नदीवरच्या हौदात डुंबणारा पोटसुट्या दुकानदार. ही ओळख या पत्राने करून दिली. या संस्थेची हकिकत मराठीत सलग सांगावीशी वाटते, कारण तिच्या वाटेवर आपली मुंबई दोनदा भेटते.

संस्थेचा कर्ता शार्ल फिलिपों. जन्म १८००, गाव लियों. स्वतः चित्रकार, पण त्याची खरी बुद्धी चित्रकार हेरण्यात आणि त्यांच्याकडून काम करून घेण्यात. १८२९ साली त्याने मेव्हणा गाब्रिएल ओबेर याच्याबरोबर व्हेरो-दोदा या काचेच्या छताच्या गल्लीत चित्रांचे दुकान काढले. दुकानाच्या तावदानात नवी चित्रे लावलेली असत आणि ज्यांना ती विकत घेणे परवडत नसे त्यांची तिथे गर्दी होई. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, चित्रांचा पहिला मोठा वाचकवर्ग हा असा फुकट पाहणाऱ्यांचा होता.

१८३० च्या जुलैत क्रांती झाली, लुई फिलिप गादीवर आला आणि त्याने मुद्रणस्वातंत्र्याची हमी दिली. फिलिपोंने ४ नोव्हेंबर १८३० रोजी 'ला कारिकात्यूर' हे साप्ताहिक काढून ती हमी लगेच वापरून पाहिली. वर्षभरात तो राजाच्या बदनामीच्या खटल्यात उभा होता. कोर्टात त्याने कागदावर चार चेहरे काढून दाखवले. पहिला हुबेहूब राजा, दुसरा थोडा फुगलेला, तिसरा आणखी, आणि चौथे चक्क नासपती हे फळ. त्याचा सवाल असा, की पहिल्या चित्रात साम्य आहे म्हणून शिक्षा करायची तर पुढच्या प्रत्येकाला करावी लागेल, आणि मग नासपती काढणाऱ्यालाही. सहा महिने कैद आणि दोन हजार फ्रँक दंड झाला. पण पॅरिसच्या पोरांनी भिंतीभिंतीवर नासपती काढायला सुरुवात केली, ती कोणत्याही न्यायाधीशाला थांबवता आली नाही.

फिलिपोंने हेरलेल्या माणसांत ओनोरे दोमिए होता. मार्सेयमध्ये १८०८ साली जन्मलेला, काचा बसवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाला कवी व्हायचे होते, म्हणून बिऱ्हाड पॅरिसला आले. कविता चालली नाही आणि मुलाला लहानपणीच कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप्या म्हणून लागावे लागले. पुढे जन्मभर पुरेल एवढे भांडवल त्याला तिथेच मिळाले. १८३१ च्या डिसेंबरात त्याने राजाला राक्षस करून दाखवले : डोके नासपतीचे, तोंडाला लावलेल्या फळीवरून गरीब माणसे पैशांच्या टोपल्या वाहून नेत आहेत, आणि आसनाखालून पदव्या आणि सनदा बाहेर पडत आहेत. या चित्राबद्दल त्यालाही सहा महिने झाले. 'ल शारिवारी'चा पहिला अंक निघाला तेव्हा पुढे या पत्राचा प्राण होणारा हा माणूस कैदेत होता.

रोज नवे चित्र देणे आधीच्या पिढीला शक्यच नव्हते. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे तर दिवसच्या दिवस जात. शिळाछाप आले आणि हा हिशेबच बदलला. ही पद्धत आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास बव्हेरियात शोधली. झोल्नहोफेनचा चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते दगडात पक्के करायचे. दगड ओला केला की मोकळी जागा पाणी धरते आणि चरबीची रेघ पाण्याला झिडकारते. शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेला चिकटते. त्यावर कागद ठेवून दाबला की झाले. कोरण्याचे काम नाही. चित्रकाराच्या हाताचा जोर, त्याचे रेंगाळणे, खडू घासल्याची खरबरीत साय, सगळे जसेच्या तसे कागदावर उतरते. एकच अडचण, की छापताना डावे-उजवे उलटते. म्हणून चित्र उलटे काढायचे आणि त्याखालचा मजकूरही आरशातल्यासारखा उलटा लिहायचा.

आमच्या चिपळूणजवळच्या पोफळीच्या डोंगरात कोयनेच्या वीजगृहासाठी जो कातळ फोडला, त्या काळ्या बसाल्टवर हे काम होत नाही. पाणी आणि चरबी दोन्ही सारख्याच आवडीने शोषून घेणारा बारीक पोताचा दगडच लागतो.

इथे मुंबई पहिल्यांदा भेटते. फिलिपोंवर खटला चालला त्याच १८३१ साली, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. सोवळी मंडळी छापील कागदाला शिवायला तयार नसत, कारण शाईत चरबी. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तो आक्षेप मिटवल्याची हकिकत सांगितली जाते. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. शिळाछापाची सगळी किमया स्निग्ध पदार्थ आणि पाणी यांच्या वैरावर उभी आहे. त्या स्निग्धपणातूनच मुंबईत सोवळ्याचा प्रश्न निघाला आणि एका कारागिराने स्वयंपाकघरातल्या वस्तूने तो सोडवला. म्हणजे पॅरिसकडे जे साधन होते ते त्याच काळात आपल्याही हाती आले होते. आपण त्यावर पंचांगे छापली, पोथ्या छापल्या. त्यात कमीपणा काही नाही, त्यांनीच मराठी माणसाला छापील अक्षराची सवय लावली. पण शेजारच्या माणसाकडे पाहून त्याचे चित्र काढावे आणि ते त्यालाच विकावे, ही कल्पना त्या दगडावर उतरायला आपल्याकडे फार वेळ लागला.

पॅरिसमध्येही ती कल्पना आधीपासून नव्हती. ती सक्तीने आली. खटले आणि दंड चालूच होते. फेब्रुवारी १८३४ मध्ये एका खटल्याचा निकाल पहिल्या पानावर छापण्याची सक्ती झाली, तेव्हा पत्राने तो निमूट छापला, फक्त ओळी लहानमोठ्या करून मजकुराला नासपतीचा आकार दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्रान्सनोनें रस्त्यावरच्या एका घरात सैनिकांनी शिरून झोपेतून उठलेल्या रहिवाशांना मारले. दंड भागवण्यासाठी फिलिपों एक वेगळी मासिक चित्रमाला वर्गणीदारांना देत असे, तिच्यासाठी दोमिएने या हत्याकांडाचे चित्र काढले. अस्ताव्यस्त बिछाना, त्याला टेकून घरंगळलेला रात्रीच्या सदऱ्यातला माणूस, त्याच्या अंगाखाली चिरडलेले मूल, कडेला एका म्हाताऱ्याचे डोके, अंधारात पडलेली बाई. विनोद औषधालाही नाही. कोणाला राक्षस केलेले नाही, कोणाचे नाक लांबवलेले नाही. एक खोली जशी होती तशी. पोलिसांनी दगड आणि सापडतील त्या प्रती जप्त केल्या.

२८ जुलै १८३५ रोजी फिएस्की नावाच्या माणसाने पंचवीस बंदुकांच्या नळ्या एका चौकटीत बांधून राजावर गोळ्या झाडल्या. राजा वाचला, मिरवणुकीतली माणसे मेली. सप्टेंबरात नवा कायदा आला. लेखाला आधी परवानगी नको, पण चित्राला हवी, कारण सरकारच्या मते लेख हे मत आणि चित्र ही कृती. 'ला कारिकात्यूर' त्याआधीच बंद झाले. 'ल शारिवारी'पुढे प्रश्न उभा राहिला : राजा काढायचा नाही, मंत्री काढायचा नाही आणि रोज चित्र तर द्यायचे आहे. मग काढायचे कोणाला?

त्यांनी वाचकाला काढले. या पत्राच्या शंभरावर वर्षांतला हा सर्वांत मोठा निर्णय. बंदी चांगली होती असे कोणी म्हणू नये, ती जुलमीच होती. पण तिच्या दाबाखाली या मंडळींच्या लक्षात आले, की सत्ता एका नासपतीत मावत नाही. ती बँकेत आहे, दवाखान्यात आहे, भाडेकराराच्या कागदात आहे, नवरा-बायकोच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

पहिला मोठा डाव रोबेर माकेरचा. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने रंगभूमीवर गाजवलेला हा भामटा १८३६ ते १८३८ या काळात 'ल शारिवारी'त शंभर चित्रांतून अवतरला. चित्रे दोमिएची, खालचे संवाद फिलिपोंचे. माकेर कधी बँकवाला, कधी वकील, कधी डॉक्टर, कधी बनावट कंपनीचे भाग विकणारा. धंदा बदलतो, लबाडी तीच. बरोबर त्याचा हडकुळा साथीदार बेर्त्राँ. त्या वेळी पॅरिसमध्ये भाग विकणाऱ्या कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे वाचकाला प्रत्येक चित्रात ओळखीचा कोणीतरी सापडे.

१८३७ मध्ये गाव्हार्नी आला. त्याचा डोळा कपड्यावर, नाचाच्या मजलिशीवर, प्रेमातल्या फसवाफसवीवर. त्याची रेघ नाजूक, दोमिएची भरदार. गाव्हार्नी माणसाचा अंगरखा काढतो आणि दोमिए अंगरख्यातला माणूस, असा मला दोघांतला फरक वाटतो. मी दोमिएच्या बाजूचा.

पोफळीसारख्या गावातही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातले हे अंक पडद्यावर पान उलटून पाहता येतात. दोमिएची १८४५ ते १८४८ मधली कोर्टाची मालिका घ्या. काळे झगे, पंखांसारख्या फडफडणाऱ्या बाह्या, आणि वर आकाशाकडे बघणारी तृप्त तोंडे. एका चित्रात वकील खटला हरलेल्या अशिलाचे समाधान करतो आहे, की दावा गेला खरा, पण माझे भाषण ऐकायला मिळाले हा आनंद काही थोडा नाही. बेलिफाच्या त्या निरोप्या पोराने हे चेहरे किती जवळून पाहिले असतील! न्यायाधीशाच्या झोपेसाठी त्याने खडूचे चार फटकारे वापरले आहेत, पण अशिलाच्या वाकलेल्या पाठीवर मात्र हात थबकून काम केलेले दिसते.

दुसरी मालिका घरमालक आणि भाडेकरूंची. १८५३ पासून ओस्मान या अधिकाऱ्याने सम्राट लुई नेपोलियनच्या हुकमावरून जुने पॅरिस पाडून रुंद रस्ते काढायला सुरुवात केली. १८५४ च्या एका चित्रात समोरची इमारत पडते आहे आणि एक घरमालक आनंदाने हात चोळत ते बघतो आहे : आणखी एक घर गेले, आता माझ्या प्रत्येक भाडेकरूचे भाडे दोनशे फ्रँकनी वाढवतो. मुंबईत पागडीच्या खोलीत दिवस काढलेल्या कोणत्याही माणसाला या चित्राखालचा मजकूर वाचावा लागणार नाही. याखेरीज चार सू देऊन आंघोळीला गेलेली माणसे आहेत, रविवारच्या सहलीत चिखलात रुतलेले कुटुंब आहे, शाळामास्तर आणि वात्रट पोरे आहेत, आगगाडीच्या उघड्या डब्यात कुडकुडणारे उतारू आहेत. सगळ्यांवर हसू आहे, पण धुणे वाहणाऱ्या बाईवर नाही, हमालावर नाही. दोमिएने ती रेषा कटाक्षाने सांभाळली.

एका ठिकाणी मात्र तो घसरला. १८४४ च्या मालिकेत त्याने लिहित्या बायकांची टर उडवली : बाई हस्तलिखितात गुंग, मूल टबात बुडते आहे. त्या काळच्या पुरुषी समजुतीपुढे त्याचा डोळा मिटला. त्यानंतर चारच वर्षांनी पुण्यात सावित्रीबाई मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिल्या, हे आठवले की ती चित्रे पाहवत नाहीत. रेघ मोठी आहे म्हणून त्यातला अन्याय लहान होत नाही.

पत्राची वार्षिक वर्गणी साठ फ्रँक होती आणि वर्गणीदार दोन-तीन हजारांच्या घरात. प्रसार मात्र त्याच्या कितीतरी पट, कारण एक प्रत कॅफेत किंवा वाचनगृहात दिवसभर हातोहात फिरे. गाजलेल्या मालिका ओबेरचे दुकान चांगल्या पांढऱ्या कागदावर वेगळ्या छापून संग्रह म्हणून विकत असे. वर्तमानपत्रातल्या प्रतींचा कागद पातळ, मागच्या मजकुराची काळी अक्षरे चित्रातून दिसतात. तरी मला त्याच जास्त आवडतात. चित्र त्या दिवसाच्या बातमीला पाठ लावून उभे असते.

दोमिए एका वेळी अनेक दगड हाताशी ठेवून, झिजलेल्या खडूच्या तुकड्यांनी काम करी. छापून झाले की दगड घासून पुन्हा कोरा करायचा, कारण तो महाग. म्हणजे या चित्रांची मूळ रूपे छपाईनंतर पुसलीच गेली. उरले ते कागद.

१८४८ च्या फेब्रुवारीत राजा पळाला आणि राजकीय चित्रे परत आली, पण फार दिवस नाही. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली आणि चित्रांवरचा पहारा पुन्हा बसला. पत्र पुन्हा रस्त्यावरच्या माणसांकडे वळले. पण आता वाचक बदलला होता, त्याला हलकीफुलकी, नटवी चित्रे हवी होती. १८६० मध्ये 'ल शारिवारी'ने दोमिएला काढून टाकले. तीनच वर्षे आधी बोदलेअरने व्यंगचित्रकारांवरच्या निबंधात त्याला आधुनिक कलेतल्या महत्त्वाच्या माणसांत गणले होते. तीन वर्षे दोमिएने गरिबीत चित्रे रंगवली. १८६३ च्या अखेरीस पत्राने त्याला परत बोलावले. तोपर्यंत डोळे जाऊ लागले होते. १८७२ नंतर त्याने दगडाला हात लावला नाही. व्हाल्मोंदुआ गावात १८७९ मध्ये तो वारला. आदल्या वर्षी मित्रांनी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले, त्याचा खर्चही भरून निघाला नाही.

त्याच्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगितली तरी चालेल. जस्ताच्या ठशांवर अक्षरांबरोबरच चित्र छापणे स्वस्त पडू लागले आणि दगड मागे पडला. २५ एप्रिल १८७४ च्या अंकात लुई लरुआ या लेखकाने मोने वगैरे तरुण चित्रकारांच्या प्रदर्शनाची खिल्ली उडवली आणि त्या खिल्लीतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव रूढ झाले. ज्या पत्राने नव्या दृष्टीला घर दिले, त्यालाच पुढची नवी दृष्टी ओळखता आली नाही. अखेरच्या काळात ते दैनिकाचे साप्ताहिक झाले होते.

मुंबई दुसऱ्यांदा भेटते ती लंडनच्या रस्त्याने. १८४१ मध्ये तिथे 'पंच' निघाले, त्याने आपल्या नावाखाली स्वतःला लंडनचे 'शारिवारी' म्हणवले. त्याच्या नमुन्यावर १८५४ मध्ये मुंबईत 'पारशी पंच' आले आणि पुढे त्याचेच 'हिंदी पंच' झाले. ठाण्याहून मराठी 'हिंदू पंच' निघत असे. ही सगळी घराणी बहुतांशी राजकारणात आणि पुढाऱ्यांत रमली. दगड आपल्याकडे त्या काळात जोरात चालू होता : १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची चित्रशाळा, १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना. पण त्यातून घरोघर गेले ते देव, पुराणे आणि ऐतिहासिक पुरुष. गिरगावच्या चाळीतला नळावरचा तंटा त्या दगडांवर चढला नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात शहर शब्दांत केवढे भरून दिले आहे! त्यांच्या शेजारी एखादा खडूवाला बसला असता तर, असे ते वाचताना सारखे वाटते.

तो खडूवाला विसाव्या शतकात आला, दगड सोडून ठशांवर. 'किर्लोस्कर' मासिकात शंकरराव किर्लोस्करांनी रूढींवर व्यंगचित्रे काढली. १९५१ पासून मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने दिवाळीत घराघरांत हशा पिकवला. वसंत सरवटे आणि शि. द. फडणीस यांनी तर बसची रांग, छत्री, पाहुणे, बिऱ्हाड यांतून अख्खे मध्यमवर्गीय शहर उभे केले, आणि फडणिसांनी ते बहुधा एका शब्दाचाही आधार न घेता. दोमिएच्या कुळाला शोभेल असे हे काम आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

लोइस देल्तेय नावाच्या अभ्यासकाने केलेली दोमिएच्या चार हजारांच्या आसपास शिळाचित्रांची एकेक करून क्रमवार सूची १९२५ ते १९३० या काळात छापली गेली. कोणते चित्र कोणत्या तारखेच्या अंकात, दगडाच्या कोणत्या अवस्थेत, खाली काय मजकूर, सगळे त्यात मिळते. आज कोणीही क्रमांक सांगितला की चित्र समोर येते. आपले दिवाळी अंक मात्र नोव्हेंबरात वाचनालयात येतात आणि दोन-चार वर्षांत रद्दीत जातात. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या संस्थेने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोसले. वाशिष्ठीचे पाणी कपाटात शिरले की कागदाचे काय होते ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पोफळीच्या वसाहतीत राज्यभरातून आलेल्या कुटुंबांनी वाचलेले जुने अंक अजून कोणाकोणाच्या माळ्यावर असतील. ते आधी खाली काढायला हवेत. मग वहीत नोंद करायची : अंकाचे नाव, साल, पान, चित्रकाराची सही, चित्रातला प्रसंग. चिपळूण, रत्नागिरी आणि कराड इथल्या वाचनालयांनी आपापल्या कपाटापुरते एवढे केले तरी पहिले हजार क्रमांक सहज पडतील.